ज्याच्या हाती तुडुम

बाई, गेल्या गुरुवारी विहारासमोरच्या मांडवात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणि त्यात मी हसलो. शेजारच्या माणसाला वाटलं मी रडतोय, त्यानं पाठीवरून हात फिरवला. त्याला मी काही सांगितलं नाही, पण तुला सांगायला हवं. तालुक्याहून आलेले एक पुढारी माइकपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "शासनाच्या योजना शेवटच्या घरापर्यंत पोचवणारी माउली आज आपल्यात नाही." तू आणि शासनाच्या योजना! फुकट वाटलेल्या बिनधुराच्या चुलीत जिनं कोंबडी अंड्यांवर बसवली, आणि चौकशीला आलेल्या माणसाला "धूर नाई निंगत जी, पिल्लं निंगतात" असं सांगितलं, तिच्याबद्दल हे चाललं होतं. मागे बसलेल्या बायांनी पदर तोंडात कोंबले. पुढारी बिचारे समजले की गाव हुंदके देतंय, आणि आणखी पाच मिनिटं बोलले.

तू गेल्याला आज अकरा दिवस झाले. तीन दिवसांचा ताप, आणि संपलं. रडू येतं, नाही असं नाही. ब्रह्मपुरीहून गावाकडे येणाऱ्या बसमध्ये बसलो की येतंच. पण त्याच बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला 'ती तलाववाली बाई होती ना, ती माझी सख्खी बहीण' असं सांगावंसंही वाटतं. दोनदा सांगितलंसुद्धा. एकानं मला तिकीट काढू दिलं नाही.

बँकेत पुण्याकडून बदलून आलेले आमचे साहेब बरेच दिवस गोंधळलेले होते. 'बाईचा निरोप आलाय' असं मी म्हटलं की त्यांना घरकामाची बाई वाटे. शेवटी सांगावं लागलं की आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. आई गेली तेव्हा तू चौथीत होतीस आणि मी रांगत होतो. तू शाळा सोडलीस, मला कडेवर घेतलंस, आणि माझी शाळा सुरू झाल्यावर माझ्याच पुस्तकांतून पुढचं शिकलीस. भाऊजी वारल्यावर तू माहेरी परत आलीस आणि पाटाच्या शेंड्याची, म्हणजे पार शेवटच्या टोकाची, आपली दोन एकर जमीन कसायला घेतलीस. मी बँकेत लागलो. तुला पैशाची अक्कल शिकवायची जबाबदारी आता आपली, असं मला उगाचच वाटू लागलं.

तो बाजाराचा दिवस तुला आठवत असेल. मी रोखपालाच्या खिडकीत बसलेलो, बाहेर वीस माणसांची रांग, आणि तू हातात दहाची नोट घेऊन उभी.

"मनोहर, हे काय लिवलं हाये ते वाच."

मी वाचलं. मैं धारक को दस रुपये अदा करने का वचन देता हूँ.

"कोन देते वचन?"

"मोठ्या बँकेचे गव्हर्नर. ही बघ सही."

"बरं. मी धारक. वचन पुरं कर."

रांगेतले लोक पुढे सरकले. मी घाईघाईनं तुला पाचाच्या दोन नोटा दिल्या. तू चष्मा लावून त्या वाचल्यास आणि परत सरकवल्यास. "याच्यावर बी वचनच हाये. वचनाच्या बदल्यात वचन घेऊन मी काय करू?" मग मी एकेकाच्या नोटा दिल्या, म्हटलं आता तरी जाशील. तू त्यातली एक उलटीसुलटी करून पाहिलीस आणि म्हणालीस, "मनोहर, याच्यावर तं वचनच नाई."

चौदा वर्षं मी त्या नोटा मोजत होतो, बाई. थुंकी लावून, रबर लावून, दिवसाला हजारो. एक रुपयाच्या नोटेवर ती ओळ नसते हे मी कधी पाहिलं नव्हतं. तू ती नोट कनवटीला लावलीस आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणालीस, "हे लहानी नोट इमानदार हाये. देत नाई तं म्हनत बी नाई." लोक खो खो हसले. साहेब केबिनमधून बाहेर आले. मी तुझ्यावर इतका चिडलो होतो की त्या रविवारी गावाला आलो तोच भांडायच्या तयारीनं.

दुपारी तू पेज वाढलीस आणि मी व्याख्यान सुरू केलं. सरकारला शाळा काढायच्या असतात, रस्ते करायचे असतात, जमा कमी आणि खर्च जास्त असतो. मग मोठी बँक सरकारला पैसा पुरवते, नोटा जास्त निघतात, थोडी महागाई होते, देश पुढे जातो. तू शांतपणे ऐकलंस. मग मडक्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "घरी पाहुणे आले की मी पेजेत पानी टाकतो. वाटी सगळ्याइले भेटते, पोट कोनाचं भरत नाई. तसंच ना हे?"

"तसंच काही नाही," मी म्हटलं, पण ते तसंच होतं.

"फरक हाये. मी पानी टाकली तं सगळे पाह्यतात. तुमच्या मोठ्या बँकेत पानी कोन टाकते ते कोनाले दिसत नाई. अन् दुसरं सांग, पह्यली वाटी कोन पेते? पानी टाकाच्या आंधी ज्यानं घेतली त्याले घट्ट पेज. ठेकेदार, साहेब, चुलीजवळचे लोक. आपल्या गावापर्यंत मडकं येते तवा निस्तं पानी राह्यते."

मी विचारलं, मग शाळा कशातून काढायच्या? तू म्हणालीस, "मांगून घ्या ना. घरोघरी सांगा, एवढा कर पाह्यजे, याच्यासाठी पाह्यजे. देऊ नाई तं भांडू. पन न सांगता मडक्यात पानी काऊन टाकते?"

नंतर बँकेच्या एका प्रशिक्षणात मोठमोठे आलेख दाखवून हीच गोष्ट एका गृहस्थांनी दोन दिवस सांगितली. मी मागच्या बाकावर बसून सारखा तुझ्या मडक्याचाच विचार करत होतो. घरी आल्यावर मात्र तुला म्हटलं, तज्ज्ञांचं मत वेगळं आहे.

तुझं सगळं अर्थशास्त्र तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, तयार झालेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तलाव मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या गावमालक जमीनदाराच्या वेळचा. पाळीच्या पोटात तुडुम, म्हणजे पाणी सोडायची सागाच्या फळ्यांची मोरी. तिचं बूच काढलं की पाणी पाटाला लागतं आणि धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, भरतात. मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाला, पण बूच काढायला सरकारचा माणूस कधी आला नाही. म्हणून दर अक्षय्य तृतीयेला गाव बसून पाणी वाटणारा माणूस निवडायचं. तो नेहमी तलावाला लागून शेत असलेला, वरच्या आळीतला. त्याची बांधी आधी भरायची, आपल्या शेंड्याच्या लोकांना उरलं तर मिळायचं. तू त्या बैठकीत उभी राहिलीस, पहिल्यांदाच एक बाई, तीही आपल्या मोहल्ल्यातली, आणि म्हणालीस, "मले पानी वाटाचं काम देऊ नका. पन ज्याले द्यान त्याचं शेत शेवटी भिजन, एवढा नियम करा." वरच्या आळीतला कोणीही मग ते काम घ्यायला तयार होईना. तेव्हा ते तुझ्याच गळ्यात पडलं. देवाजी ढिवर, तलावात मासे धरणारा म्हातारा, बुडी मारून बूच काढायला तुझ्याबरोबर आला. आणि म्हण झाली: ज्याच्या हाती तुडुम, त्याचं शेत शेवटी.

पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही त्या वर्षी मला तो नियम कळला. धान पोटरीला आलेलं. तू सगळ्यांच्या पाळ्या दिल्यास, वरच्या आळीच्याही, तुझ्याशी बोलत नव्हते त्यांच्याही. तुझी पाळी आली तोवर पाणी तुडुमाच्या तोंडाखाली गेलं होतं. तुझं लुचई जातीचं धान उभं वाळलं. मी रविवारी आलो तर तू ते गुरांसाठी कापत होतीस. मी बांधावर उभा राहून ओरडलो, नियम तूच केलास, एकदा तूच मोडला असतास तर कोण बोललं असतं? तू विळा खाली ठेवला नाहीस. "कोनीच बोललं नसतं. म्हनूनच नाई मोडला. मी मोडली तं मी बी मालगुजारच झाली ना." त्या वर्षभर तू माझ्या घरून तांदूळ नेलास, आणि तेव्हासुद्धा मला तुझा राग यायचा, अभिमान यायचा नाही. आज येतो. आज इतका येतो की छातीत मावत नाही.

पण एक भांडण मी अजून सोडलेलं नाही, बाई. गाव, गावाचा नियम, गावाचं स्वराज्य हे तू बोलायला लागलीस की मला आपल्या आजोबांची आठवण यायची. गावाचा नियमच होता ना, की आपल्या लोकांनी तलावाच्या त्या अमक्या काठाला उतरायचं नाही? तो नियम कोणी मोडला? कायद्यानं. मला नोकरी कोणामुळे मिळाली? मी हे म्हटलं की तू खरोखर चिडायचीस.

"नोकरी तुले तुया हक्कानं भेटली. सरकारनं देल्ली असं म्हनशीन, तं उद्या तो वापस घेईन. हक्क कोनता अन् मेहेरबानी कोनती, एवढं बी तुले समजत नाई काय?"

"पण मालगुजाराला हटवलं ते सरकारनंच ना?"

"हटवलं. चांगलं केलं. पन त्याची काठी कुठी गेली? मोडली काय? नाई मोडली. ते कचेरीत टेकवून ठेवली हाये. साहेब बदलते, काठी तेच राह्यते."

तिथे आपण दर वेळी अडायचो. आपल्या माणसांना काठीच्या विरुद्ध उभं राहायला आधी कुठलीतरी मोठी काठी लागलीच, असं मला वाटायचं, अजूनही वाटतं. तू म्हणायचीस, कायदा लागला, काठी नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. इतकी पानं तिला वळसा घालत होतो हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

तुडुमाच्या फळ्या कुजल्या. गावानं घरटी वर्गणी काढली, नवं तुडुम बसेल इतके पैसे जमले. तू म्हणालीस, लगेच लाकूड आणू आणि उन्हाळ्यात काम करू. मी मध्ये पडलो. बँकेतला शहाणा भाऊ. तलाव सरकारचा आहे, आधी परवानगी घ्या, नाहीतर प्रकरण होईल; आणि परवानगी येईपर्यंत पैसे माझ्या शाखेत मुदत ठेवीत टाका, व्याज मिळेल. तू म्हणालीस, "नोटा ठेवू नका. ठेवाचंच असन तं धान ठेवा." मी सगळ्यांसमोर हसलो. धानाला उंदीर लागतात, बाई, नोटांना नाही. सगळे हसले, आणि पैसे बँकेत गेले.

पहिल्या वर्षी अर्जाची पोच आली. दुसऱ्या वर्षी वैनगंगेपलीकडचा गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्यांची कपाटं इकडची तिकडे झाली, आणि आपला अर्ज कुठल्या गठ्ठ्यात आहे ते कोणालाच सांगता येईना. "नदी तेच, मासोळी तेच, साहेब डबल झाले," असं तू म्हणालीस, आणि पुन्हा अर्ज लिहायला बसलीस. तिसऱ्या वर्षी तिघांच्या सह्या हव्यात म्हणून तो परत आला. त्या कार्तिकात तुडुमाची फळी फुटली आणि धान भरायच्या वेळेला पाणी नाल्यातून वाहून गेलं.

ठेव मोडली. व्याज धरून माझ्या आकडेमोडीप्रमाणे पैसे छान वाढले होते. तू, मी आणि देवाजी लाकडाच्या डेपोत गेलो. ज्या पैशात तीन वर्षांपूर्वी सगळं तुडुम आलं असतं, त्यात अर्ध्या तुडुमाच्या फळ्या येत होत्या. डेपोवाल्यानं भाव सांगितला तेव्हा देवाजीनं माझ्याकडे पाहिलं. तू पाहिलं नाहीस. "चाल, चहा पेऊ," एवढंच म्हणालीस, आणि चहाचे पैसे तूच दिलेस.

तिथेच, त्या टपरीवर, मी म्हणायला हवं होतं. बाई, तुझं बरोबर होतं. तीन शब्दांची गोष्ट. मी म्हटलं, लाकूड फारच महागलंय.

मग तू परवानगीची वाट पाहणं सोडलंस. माघात मळण्या झाल्यावर घरोघरी फिरलीस आणि नोटा नको, धान द्या म्हणालीस. विहाराच्या मागच्या खोलीत कणग्या भरल्या. उंदरांनी एक कणगी पोखरली, तेव्हा मला मुद्दाम निरोप पाठवलास, "तू बोलला तसं झालं बापा, उंदीर आला. पन त्यानं एकच कनगी खाल्ली." सकाळी धान विकायचं आणि दुपारी फळ्या उचलायच्या, नोट अर्ध्या दिवसाच्या वर हातात ठेवायची नाही, अशी तुझी रीत. डेपोची प्रत्येक पावती जपून ठेवलीस. नदीपलीकडून सुतार आणलास, त्याची मजुरी धानात, लोहाराची धानात. घरटी एक माणूस रोज पाळीवर. वरच्या आळीतली, आजोबांना काठावरून हाकलणाऱ्यांची नातवंडं चिखल तुडवत होती आणि तू सावलीत बसून त्यांना ओरडत होतीस. एका रविवारी मीही टोपलं उचललं. वीस मिनिटांत कंबर धरून बसलो, आणि सगळ्या बायांनी मिळून ब्यांकवाल्याची जी उडवली ती अजून चालू आहे.

आषाढात तलाव भरला आणि तुडुम थेंबभरही गळलं नाही. श्रावणात नोटीस आली. शासकीय मालमत्तेवर विनापरवाना बांधकाम. कचेरीत हजर राहून खुलासा करावा. नाव तुझं एकटीचं.

तू माझ्याकडे आलीस. आयुष्यात माझ्याकडे काही मागायला अशी एकदाच आलीस. "तू ये माह्यासंगं. पैसे तीन वर्सं कुठी होते, अन् काऊन कमी पडले, एवढं तू सांग. ब्यांकेचा मानूस सांगन तं साहेब आयकन." मी हो म्हटलं. आणि आदल्या दिवशी निरोप पाठवला की सहामाही क्लोजिंग आहे, सुटता येत नाही. क्लोजिंगला अजून कित्येक महिने होते, बाई. बढतीच्या यादीत माझं नाव होतं, सरकारविरुद्धच्या प्रकरणात ते दिसायला नको होतं, एवढंच खरं. बँक कधी क्लोजिंग करते हे तुला पक्कं माहीत होतं. पुढच्या हंगामात तू लाखोळीची डाळ पाठवलीस, जी विकायला सरकारची बंदी आहे ती, आणि वर निरोप: "खाय, अन् कोनाले सांगू नको, तुयी बढती अडन." बस्स, तेवढाच टोमणा.

कचेरीत काय झालं ते मला देवाजीनं सांगितलं, अनेकदा, दर वेळी थोडं वाढवून. साहेब म्हणाले, कोणाच्या परवानगीनं केलंत? तू म्हणालीस, "तीन वर्सं परवानगीच मांगून राह्यलो जी. तुमी नाई म्हनलं असतं तं भांडलो असतो. तुमी तं काहीच म्हनलं नाई. धान तुमच्या उत्तरासाठी थांबत नाई." साहेब म्हणाले, पण तलाव सरकारचा आहे. "असन ना. मंग फुटला तवा बी सरकारचाच होता का?" खोलीतला शिपाई हसला म्हणतात. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं तुला खुर्ची दिली, चहा दिला, आणि वाट सुचवली. दुरुस्ती विभागामार्फत झाली, ग्रामस्थांनी सहकार्य केलं, असा कागद करू, तुम्ही सही करा, प्रकरण बंद. तू चहा प्यायलीस आणि म्हणालीस, "गुन्हा केला असन तं दंड करा. काम केलं असन तं ते आमचं काम हाये. पन गुन्हा माफ करून काम घेऊन जाता, हे नाई चालत." बरोबर आलेल्या नऊ बायांपैकी एकीनंही मग त्या कागदाला हात लावला नाही. तारखेवर तारीख पडत राहिली. तू दर तारखेला गेलीस, शिदोरी घेऊन, जत्रेला जावं तशी.

आणि मग तो ताप.

तुझ्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी कचेरीतून एक जण घरी आला. चांगलं बोलला, तुझ्या फोटोला नमस्कार केला. मग पिशवीतून तोच कागद काढला. बाईंची जमीन तुमच्या नावावर येणार, तेव्हा प्रकरणही तुमच्याकडे येईल. सही केलीत तर इथेच मिटेल. तुम्ही स्वतः बँकेतले, तुम्हाला जास्त काय सांगायचं. मी म्हटलं, सोमवारी कचेरीत येऊन करतो.

शनिवार-रविवार मी तो कागद दहा वेळा वाचला. 'ग्रामस्थांनी सहकार्य केले.' तसं पाहिलं तर खोटं नाही, असंही स्वतःला सांगून झालं. पोरीचं लग्न आहे, बढती आहे, तू तर आता नाहीस. घाबरट माणसाला कारणं फार चटकन सुचतात, आणि माझी सवय तर जुनी.

सोमवारी देवाजी माझ्याबरोबर आला, बोलावलं नव्हतं तरी. तो बाहेर झाडाखाली बसला. साहेबांनी मला खुर्ची दिली, पेन दिलं. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. हे काम विभागानं केलेलं नाही. माझ्या बहिणीनं आणि गावानं केलं. तिच्या जागी मला जाब विचारावा. सही केली. मग सहीच्या खाली आणखी लिहायला लागलो. गावाचे पैसे तीन वर्षं बँकेत अडकवून ठेवा असं मी सांगितलं होतं. ती नको म्हणत होती. पैशाचं मोल उतरेल हे तिनं आधी सांगितलं होतं आणि मी तिला सगळ्यांसमोर हसलो. चौकशीला तिनं मला सोबत बोलावलं होतं तेव्हा मी खोटं कारण देऊन आलो नाही.

साहेब वाचत होते. म्हणाले, "हा खालचा मजकूर प्रकरणाशी संबंधित नाही. खोडून टाका, तुमच्याच सोयीचं होईल." मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी कागदावर शिक्का मारला आणि पुढची तारीख दिली, माझ्या नावानं.

बाहेर आलो तेव्हा, खरं सांगतो बाई, मान ताठ होती. देवाजी उठून उभा राहिला.

"काय लिवलं भाऊ येवढा येळ?"

"बाईचं बरोबर होतं, असं लिहिलं."

म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "हे तं आमाले सगळ्याइले मालूम होतं," तो म्हणाला. "तिले बी मालूम होतं. पन तुया तोंडून आयकाची तिले लय हौस होती रे. दर रविवारी तू जाये, अन् ते मले म्हने, 'आज बी नाई म्हनला.'"